मोटारीच्या अंतर्भागातील पेट्रोलचा वास : कारणमीमांसा व उपाय

मोटारगाडीच्या अंतर्भागात पेट्रोलचा वास येणे हा दोष बहुधा दोष म्हणून गणलाच जात नाही. एंजिन नीट चालते, गाडीचा जोर कमी झालेला नसतो, इंधनाचा खर्चही डोळ्यांत भरण्याइतका वाढत नाही. मग काचा खाली केल्या आणि आरशाला एखादी सुगंधी वडी टांगली की प्रश्न मिटला असे समजण्यात येते. नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन वसाहतीसारख्या ठिकाणचा विचार केला म्हणजे ही समजूत किती घातक आहे हे ध्यानात येते. ग्रेट नाग रोड व जगनाडे चौकाच्या आसपासच्या या दाट वस्तीत गाडी एक तर रस्त्याच्या कडेला उन्हात उभी असते किंवा घराला लागून असलेल्या पोर्चमध्ये. त्याच पोर्चमध्ये पुष्कळदा पाणी चढविण्याची मोटार, विजेचे मीटर आणि इन्व्हर्टर असतो. पायऱ्यांखाली जुने सामान असते. फाटकाला खालपर्यंत पत्रा ठोकलेला असल्यास जमिनीलगत वारा खेळत नाही. दिवसभर तापलेली आणि कोठेतरी पाझरणारी गाडी रात्री येथे आणून उभी करणे म्हणजे काय, याचा विचार सुगंधी वडी टांगणाराने केलेला नसतो.

या तक्रारीचे निदान करताना सर्वसाधारणपणे विचारला जाणारा प्रश्न 'वास कोठून येतो' हा होय. परंतु बंद जागेत पसरलेल्या बाष्पाचा उगम नाकाने शोधणे जवळजवळ अशक्य असते. मागच्या आसनाखालून आलेला वास पुढच्या जाळीतून येत असल्याचा भास होतो. त्याऐवजी 'वास केव्हा येतो' हा प्रश्न आधी विचारल्यास शोधाचे क्षेत्र एकदम आकुंचित होते. इंधन भरल्यावर लगेच, उन्हात उभी केलेली गाडी उघडताना, सिग्नलपाशी थांबले असता, की हिवाळ्यात पहाटे एंजिन सुरू करताना? या चार वेळांचे उगम बहुतांशी निरनिराळे आहेत. ते का निराळे आहेत हे समजण्यासाठी पेट्रोलच्या स्वभावाकडे थोडे वळले पाहिजे.

पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. सुमारे चार ते बारा कार्बन अणू असलेल्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असून त्यांतील हलके घटक साध्या उन्हाळी उष्णतेतही बाष्परूप धारण करतात, तर जड घटक २०० अंश सेल्सिअसपर्यंत द्रवरूपात टिकून राहू शकतात. ज्या किमान तापमानाला द्रवावरील बाष्प ठिणगीने पेट घेऊ शकते त्यास प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंशांच्या आसपास आहे. याचा अर्थ असा की नागपुरातील कोणत्याही ऋतूत, कोणत्याही प्रहरी उघडे पेट्रोल पेट घेण्यास सिद्धच असते. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ अन्वये प्रज्वलनांक २३ अंशांखाली असलेल्या द्रवांचा सर्वांत धोकादायक असा 'अ' वर्ग करण्यात आला आहे व पेट्रोल त्यात मोडते; डिझेल 'ब' वर्गात येते. योगायोगाची गोष्ट अशी की या अधिनियमाची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सवर आहे. पेट्रोल पंपाच्या भूमिगत टाकीला श्वसननलिका कशी असावी, टँकर कसा रिकामा करावा हे सर्व नियमांनी बांधलेले आहे. घरच्या पोर्चमधील चाळीस लिटरांच्या टाकीवर देखरेख करण्याचे काम मात्र वाहनधारकाच्या नाकावर सोडलेले आहे.

हे नाक या कामी बरेच सक्षम आहे. हवेच्या दहा लक्ष भागांत पेट्रोल-बाष्पाचा एक भागही नसताना माणसाला त्याचा वास येऊ शकतो. उलटपक्षी बाष्प व हवा यांचे मिश्रण पेटण्यासाठी हवेत सुमारे १.४ टक्के, म्हणजे दहा लक्षांत १४,००० भाग बाष्प असावे लागते, ७.६ टक्क्यांच्या वर ते पुन्हा पेटत नाही. म्हणजे वास येऊ लागणे आणि मिश्रण ज्वालाग्राही होणे यांत दहा हजारपटींहून अधिक अंतर आहे. यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. तथापि निर्धास्त राहण्याचेही नाही. चालकाच्या नाकापाशी असलेले प्रमाण आणि गळतीच्या तोंडाशी असलेले प्रमाण यांचा काहीच मेळ नसतो. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्याने ते आसनाखाली, पायदानापाशी, डिकीतील जादा चाकाच्या खळग्यात आणि पोर्चच्या कोपऱ्यात साचते. वर उभ्या असलेल्या माणसाला मंद वास येत असतानाच पायापाशी पेटण्याजोगे मिश्रण तयार झालेले असू शकते.

दुसरी अडचण नाकाचीच आहे. एकाच वासात काही मिनिटे बसल्यावर तो वास जाणवेनासा होतो. दररोज त्याच गाडीतून जाणाऱ्या माणसास 'आता वास गेला' असे वाटणे हा दुरुस्तीचा पुरावा मानता येत नाही. याशिवाय आरोग्याचा प्रश्न आहेच. भारतीय मानकांनुसार पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझीन असू शकते आणि बेंझीन हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित केलेले आहे. डोकेदुखी व मळमळ ही लक्षणे लवकर दिसतात, आणि ती मोठ्या माणसांपेक्षा मागच्या आसनावर बसणाऱ्या मुलांत आधी दिसली तर त्यात आश्चर्य नाही. कारण पुष्कळ गाड्यांत इंधनाची टाकी बरोबर त्याच आसनाखाली असते.

आता नागपूरच्या हवामानाचा विचार करू जाता, या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश तापमान अनुभवलेले आहे. (मे २०२४ मध्ये शहरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद केली व तिचा मोठा गाजावाजा झाला, परंतु तो संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले.) रबराच्या एखाद्या कड्याला किंवा पॅकिंगला वर्षभरात चाळीस अंशांहून अधिक फरक सोसावा लागतो, आणि एंजिनाजवळच्या भागांना त्याहून कितीतरी जास्त. पेट्रोलचा बाष्पदाब ३८ अंशांच्या आसपास सुमारे ६० किलोपास्कल इतका राहावा अशी रचना असते. तापमान वाढत गेले म्हणजे तो झपाट्याने वाढतो; खाली तापलेला डांबरी रस्ता आणि शेजारून जाणारी सायलेन्सरची नळी यांच्यामध्ये सापडलेल्या टाकीत पेट्रोल पन्नास अंशांच्या पलीकडे गेले, की त्याचा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाशी बरोबरी करू लागतो. जी भेग जानेवारीत निरुपद्रवी असते तीच मे महिन्यात बाहेर श्वास टाकू लागते, याचे कारण हे आहे.

हे बाष्प जावे कोठे? जुन्या गाड्यांत ते सरळ हवेत जाई. कार्बुरेटर असलेल्या अँबॅसॅडर किंवा पद्मिनी गाडीत थोडाफार पेट्रोलचा वास येणे हे जवळजवळ गृहीतच धरलेले असे. गाडी थांबवल्यावर एंजिनाच्या उष्णतेने कार्बुरेटरच्या वाटीतील पेट्रोल उकळून बाहेर पडे, आणि नळीत बाष्प अडकून गाडी बंद पडू नये म्हणून उन्हाळ्यात पेट्रोल-पंपावर ओले फडके गुंडाळण्याची चाल होती. आजच्या गाडीत हा मार्ग बंद केलेला आहे. टाकीतील बाष्प एका नळीने सक्रियित कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये नेण्यात येते. या कोळशाच्या एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात असते आणि त्याच्या सूक्ष्म रंध्रांत बाष्पाचे रेणू धरून ठेवले जातात. एंजिन गरम होऊन चालू लागल्यावर 'पर्ज व्हॉल्व्ह' नावाची झडप उघडते, डब्यातून बाहेरची हवा ओढली जाते, कोळशाने धरलेले बाष्प सुटते आणि एंजिनात जाऊन जळते. अशा रीतीने डबा रात्री भरतो व दिवसा रिकामा होतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ मानकांत बंद कक्षातील बाष्प-उत्सर्जनाची मर्यादा एका चाचणीस २ ग्रॅम ठेवलेली आहे. सुस्थितीतील नव्या गाडीत पेट्रोलचा वास मुळीच येता कामा नये. 'पेट्रोलची गाडी आहे, थोडा वास यायचाच' हे म्हणणे पद्मिनीबरोबर कालबाह्य झालेले आहे.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा शत्रू तंत्रातला नसून सवयीतला आहे. पेट्रोल पंपावरील नळीच्या टोकाशी, आतल्या बाजूस, एक बारीक छिद्र असते. त्यापासून एक सूक्ष्म नलिका मुठीतील पडद्यापर्यंत जाते. पेट्रोल वाहत असताना त्याच्या वेगामुळे या नलिकेतून हवा ओढली जात असते. टाकी भरून द्रवाने ते छिद्र झाकले की हवा येणे थांबते, पडद्यामागे निर्वात निर्माण होतो, पडदा खेचला जातो आणि खटका पडून प्रवाह बंद होतो. विजेची मदत नसताना काम करणारी ही योजना अतिशय खात्रीची आहे. पहिला खटका पडला तेव्हा टाकीत जी जागा रिकामी राहिलेली असते ती उधळपट्टी नव्हे. ती इंधनाच्या प्रसरणासाठी व बाष्पासाठी मुद्दाम राखलेली असते. परंतु हिशेब पूर्ण रुपयांत यावा, टाकी 'काठोकाठ' भरावी, या आग्रहापायी खटक्यानंतर आणखी दोन-तीन वेळा मूठ दाबली जाते. मग द्रव पेट्रोल बाष्पाच्या नळीत चढते व तेथून कोळशाच्या डब्यात उतरते. कोळसा बाष्पासाठी योजलेला असतो, द्रवासाठी नव्हे. एकदा ओला झालेला डबा दीर्घकाळ निकामी राहतो, कधी कायमचा, आणि मग प्रत्येक उन्हात टाकीचे बाष्प बाहेर येऊ लागते.

हे केवळ तात्त्विक अनुमान नाही. एप्रिल २०१४ मध्ये मारुती सुझुकी कंपनीने अर्टिगा, स्विफ्ट व डिझायर या प्रकारांच्या १,०३,३११ गाड्या परत बोलावल्या. १२ नोव्हेंबर २०१३ ते ४ फेब्रुवारी २०१४ या काळात तयार झालेल्या या गाड्यांत इंधन भरण्याची नळी बदलून देण्यात आली. कंपनीने सांगितलेले कारण असे, की पंपाची स्वयंचलित मर्यादा ओलांडून इंधन भरल्यास या गाड्यांत पेट्रोलचा वास येण्याचा, आणि टोकाच्या प्रसंगी गळतीचा संभव होता. या प्रकरणातील लक्षणीय गोष्ट ही, की नळीतील दोष आणि भरणाऱ्याची सवय हे दोन्ही एकत्र आल्याखेरीज वास उत्पन्न होत नव्हता. याच संदर्भात, उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरल्यास स्फोट होतो अशी जी वार्ता दरवर्षी पसरते तिचाही उल्लेख करावयास हवा. इंडियन ऑइल कॉर्पोरेशनने ती निराधार असल्याचे एकाहून अधिक वेळा जाहीर केले आहे. निर्मात्याने ठरविलेल्या मर्यादेपर्यंत, म्हणजे पहिल्या खटक्यापर्यंत, टाकी भरण्यास कोणत्याही ऋतूत हरकत नाही. हरकत आहे ती त्यापुढच्या अर्ध्या लिटराला, आणि ती बाराही महिने आहे.

तेव्हा इंधन भरल्यानंतर लगेच वास येत असेल व तासा-दोन तासांत ओसरत असेल, तर झाकण, झाकणाचे रबरी पॅकिंग, इंधन भरण्याची नळी, तिला टाकीशी जोडणारा रबरी तुकडा व त्याच्या क्लिपा यांखेरीज अन्यत्र शोध घेण्याचे कारण नाही. झाकणाचे पॅकिंग बोटाने दाबून पाहावे. ते कडक झालेले असल्यास किंवा त्यावर बारीक भेगा दिसल्यास झाकणच बदलावे. सर्व कारणांत हे सर्वांत स्वस्त कारण आहे, आणि म्हणूनच की काय, ते शेवटी तपासले जाते.

उन्हात उभी केलेली गाडी उघडताच वास येणे, पण चालू लागल्यावर तो कमी होणे, हे टाकीच्या माथ्यावरील दोषाचे लक्षण होय. टाकीच्या आतील पेट्रोल-पंप एका तबकडीला जोडलेला असतो व ती तबकडी मोठ्या रबरी कड्यावर बसते. अनेक गाड्यांत मागचे आसन उचलल्यावर पत्र्याचे वा प्लास्टिकचे लहान झाकण दिसते. त्याखाली ही तबकडी असते. पंप एकदा बाहेर काढल्यानंतर तेच जुने कडे पुन्हा बसविण्याचा मोह पुष्कळ मिस्त्र्यांना होतो. पेट्रोलमध्ये फुगलेले कडे काढल्यावर आपल्या मूळ आकारास परत येत नाही. ते खाचेत दुमडून बसते आणि टाकी अर्ध्याहून अधिक भरली की वास सुरू होतो. पंपाचे काम झाल्यावर वास सुरू झाला असेल तर अन्य निदानाच्या मागे लागू नये.

धावताना किंवा सिग्नलपाशी उभे असताना येणाऱ्या वासाची परीक्षा करण्यास एक सोपा प्रयोग आहे. बाहेरची हवा आत घेणारी जाळी पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बॉनेटच्या मागच्या कडेला असते. एंजिनाच्या खोलीत पेट्रोल पाझरत असेल तर ते बाष्प या जाळीतून पंख्याने आत ओढले जाते. म्हणून पंखा चालू ठेवून आधी बाहेरची हवा घ्यावी, नंतर आतलीच हवा फिरविण्याचे बटण दाबावे. आतली हवा फिरविल्यावर वास झपाट्याने कमी झाला तर दोष पुढे, एंजिनाच्या खोलीत आहे. तो कायम राहिला किंवा वाढला तर उगम गाडीच्या आत अथवा मागे आहे. काचा उघड्या ठेवून वेगाने जाताना वास वाढत असेल तर डिकीच्या दाराचे रबर पाहावे, कारण धावत्या गाडीच्या पाठीमागे कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो व तेथील धूर फटीतून आत खेचला जातो. हा वास बहुधा जळलेल्या पेट्रोलचा असतो. कच्चे पेट्रोल आणि जळके पेट्रोल यांतील फरक ओळखता येणे अगत्याचे आहे; जळक्या वासासोबत येणारा कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन असून अधिक त्वरेने प्राणघातक ठरतो.

एंजिनाच्या खोलीतील दोष गंभीर मानले पाहिजेत. टाकीवरील बाष्पाला दाब नसतो. परंतु इंजेक्टरांकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोल वातावरणाच्या तीन-चार पट दाबाखाली असते. येथे सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून पेट्रोलचा तुषार उडतो, आणि तो तप्त सायलेन्सरवर किंवा विजेच्या तारेपाशी पडला तर पुढचे सांगावयास नको. हा दाब पंप चालू असतानाच पूर्ण असल्याने बंद गाडीचे बॉनेट उघडून पाहणारास काहीच सापडत नाही. उंदरांचाही येथे विचार करावा लागतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाड्यांत पावसाळ्यात उंदीर आसरा घेतात व रबरी नळ्या कुरतडतात. दातांचे जोडखुणांसारखे ओरखडे दिसल्यास निदान तेथेच संपते.

हिवाळ्यातील पहाटेचा वास हा प्रकार फसवा आहे. थंड एंजिन सुरू होताना त्याला जास्त पेट्रोल दिले जाते व काही क्षण धुराला कच्चा वास येतो. गाडीच्या मागे पोर्चची भिंत असली तर तो धूर परत फिरतो. हे स्वाभाविक होय. परंतु वास चार-पाच मिनिटे टिकून एंजिन तापल्यावर नाहीसा होत असेल तर इंजेक्टरांच्या मुळाशी असलेली रबरी कडी संशयास्पद समजावीत. जुने रबर थंडीत आकसते, फट पडते, आणि उष्णतेने फुगून फट पुन्हा मिटते. दुपारी गॅरेजमध्ये नेलेल्या अशा गाडीत दोष सापडत नाही, आणि वाहनधारकालाच भ्रम झाला असे ठरविले जाते. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी तपासणे हा यावरील एकमेव उपाय आहे. एंजिनातील तेल मोजण्याची पट्टी काढून तिचाही वास घ्यावा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर एखादा इंजेक्टर आत गळत आहे आणि तेल पातळ होऊन एंजिनाची झीज होत आहे, असे समजावे.

गॅसवर चालणाऱ्या गाडीत एक वेगळीच शक्यता असते. एल.पी.जी. व सी.एन.जी. यांना स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मिसळलेले असते. नासलेल्या कांद्यासारखा हा वास पेट्रोलच्या वासाहून निराळा आहे. एल.पी.जी. खाली साचतो, सी.एन.जी. वर चढतो, दोन्हींच्या सांध्यांची परीक्षा साबणाच्या फेसाने करता येते. सी.एन.जी.च्या टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे. पेट्रोलला मात्र फेस उपयोगी पडत नाही.

पेट्रोलची गळती शोधताना नागपूरचा उन्हाळा आणखी एक चकवा देतो. पाझरलेला थेंब जमिनीवर पडण्यापूर्वीच उडून जातो, तेव्हा गाडीखालची फरशी कोरडी आहे यावरून काहीही सिद्ध होत नाही. त्याची खूण धुळीत उमटते. पेट्रोल वाहिलेल्या ठिकाणची धूळ धुतली जाऊन स्वच्छ रेघ दिसते किंवा जड घटक मागे राहून पिवळसर तपकिरी डाग पडतो. म्हणून तपासणीपूर्वी गाडीचा तळ धुवून घेणे ही मोठी चूक होय. तपासणी सूर्योदयापूर्वी, मोकळ्या जागेत करावी. संशयित सांध्याभोवती कोरडा पांढरा कागद गुंडाळून पंप सुरू करावा. ओल लगेच उमटते. बाष्पाच्या नळ्यांची परीक्षा कमी दाबाचा धूर आत सोडून केली जाते व हे यंत्र आता मोठ्या गॅरेजांतून आढळते. डॅशबोर्डवरील एंजिनाचा दिवा न लागणे हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. टाकीच्या माथ्यावरील बारीक फट त्या यंत्रणेला दिसेलच असे नाही. काम चालू असता काडी, विडी, उघड्या तारेचा दिवा वर्ज्य. आणि बॅटरीची तार काढावयाची असल्यास ती वास पसरण्यापूर्वी, मोकळ्या हवेत काढावी, वास कोंडलेला असताना नव्हे, कारण तार काढतानाही ठिणगी पडते.

अलीकडे या विषयाला एथेनॉलची जोड मिळाली आहे. २० टक्के एथेनॉल असलेले पेट्रोल भारतात फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते सर्वत्र पसरले. एप्रिल २०२३ नंतर तयार झालेल्या गाड्यांत त्याला टिकणारी रबरे वापरलेली आहेत. त्यापूर्वीच्या, विशेषतः दहा-पंधरा वर्षे चाललेल्या गाड्यांविषयी तसे म्हणता येत नाही. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही रबर व प्लास्टिकचे भाग बदलावे लागतील हे मान्य केलेले आहे. एथेनॉल काही जातींच्या रबरात शिरून ते फुगवते, मऊ करते, आणि कालांतराने त्यावर भेगा पडतात. शिवाय भेग नसतानाही जुन्या नळीच्या भित्तीतून बाष्प पाझरू शकते. अशा वेळी कोठेही ओल सापडत नाही आणि वास मात्र राहतो. हाताने पुसलेल्या नळीचा वास हाताला येतो, हीच काय ती खूण. सर्व दोष एथेनॉलच्या माथी मारणे योग्य होणार नाही, कारण पंधरा वर्षांचे रबर एथेनॉलाविनाही तडकतेच. परंतु अशा गाडीत एक नळी फुटली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत हे विसरू नये.

दुरुस्तीत बहुतेक चुका स्वस्त वस्तूंमुळे होतात. पाण्याची किंवा हवेची रबरी नळी पेट्रोलसाठी वापरू नये. एथेनॉलयुक्त इंधनासाठी आतून फ्लुओरो-रबराचे अस्तर असलेली नळी घ्यावी; तिच्यावर 'एसएई जे-३० आर-९' असा शिक्का असतो. टाकीच्या आत बुडून राहणारी नळी निराळी, 'आर-१०' प्रतीची असते, कारण तिला बाहेरूनही पेट्रोल सोसावयाचे असते. कडी नेहमी नवी घालावीत. ओला झालेला कोळशाचा डबा उन्हात वाळवून पुन्हा बसविण्याचा उद्योग करू नये, तो बदलावा. पर्ज झडप काढून फुंकून पाहावी. विजेविना ती बंदच राहिली पाहिजे.

पत्र्याच्या टाकीला पडलेल्या छिद्रावर साबण घासणे किंवा एम-सील लावणे हा गॅरेजपर्यंत पोचण्यापुरता उपाय आहे, त्याहून अधिक नाही. अशी टाकी रिकामी करून वेल्डिंगला देणे मात्र निःसंशय प्राणघातक होय. भरलेल्या टाकीत द्रवावर बाष्प इतके दाट असते की ते पेटण्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाते. 'रिकाम्या' टाकीत उरलेल्या चमचाभर पेट्रोलचे बाष्प हवेत मिसळून नेमके पेटण्याजोगे होते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते ही गोष्ट विचित्र वाटते, पण वेल्डिंगच्या दुकानांतून घडलेले अपघात बहुशः याच कारणाने घडतात.

वास इतका तीव्र असेल की डोळे चुरचुरतात, किंवा गाडीखाली थेंब प्रत्यक्ष दिसत असेल, तर गाडी सुरूच करू नये. ती ढकलून पोर्चबाहेर काढावी, दारे उघडी ठेवावीत, आणि त्या जागेतील पाण्याच्या मोटारीचे वा दिव्याचे बटण दाबू नये. चालू असलेले बटण बंद करतानाही ठिणगी पडत असल्याने ते बंद करण्याचीही घाई नको. मिस्त्रीला घरी बोलवावे.

दुरुस्तीनंतरची परीक्षा एका दिवसात संपत नाही. पेट्रोल शोषलेले गालिचे व आसनातील स्पंज कित्येक दिवस वास सोडत राहतात, आणि त्यामुळे यशस्वी दुरुस्तीही फसल्यासारखी वाटते. म्हणून आसने उचलून, पायपुसणी काढून गाडी सावलीत दोन दिवस उघडी ठेवणे इष्ट. त्यानंतर टाकी पहिल्या खटक्यापर्यंत भरून, दुपारी तीन-चार तास उन्हात काचा बंद करून ठेवावी आणि दार उघडून वास घेण्यास शेजारच्या, त्या गाडीत कधी न बसलेल्या माणसास बोलवावे. त्याला काही जाणवले नाही तर उन्हाळ्यापुरते काम झाले. इंजेक्टरांच्या कड्यांचा निकाल डिसेंबरातील एखाद्या थंड पहाटे पुन्हा एकदा घ्यावा लागतो.